घरची शिट्टी

माझा नवरा प्रामाणिक आहे. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, तक्रार म्हणून सांगतेय. लबाड माणसाबरोबर संसार करता येतो, तो कधी काय करेल याचा अंदाज तरी असतो. प्रामाणिक माणूस कधी कुणाच्या मुळावर उठेल याचा नेम नाही, आणि बहुतेक वेळा तो घरच्यांच्याच मुळावर उठतो.

एक उदाहरण देते. हा लायसनच्या ऑफिसात गाडी चालवण्याची परीक्षा घेतो. मी शाळेची बस चालवते. बसचं लायसन काढायला गेले त्या दिवशी दुसरा परीक्षक रजेवर होता, म्हणून हाच माझ्या शेजारी येऊन बसला. मला वाटलं, चला, घरचाच माणूस आहे. फाटकातून बाहेर पडताना आरसा बघितला नाही म्हणून मला नापास! आरसा मी बघितला होता. ह्यालाही ते दिसलं असणार. पण पास केलं असतं तर ऑफिसातले चौघं काय म्हणाले असते? पुढच्या महिन्यात त्या रजेवरच्या माणसानं मला पास केलं आणि वर म्हणाला, "ताई, हात फार चांगला आहे तुमचा." ते लायसन मी संध्याकाळी ह्याच्या ताटाशेजारी आपटलं. "अभिनंदन," म्हणाला आणि जेवायला लागला. ह्याला राग येत नाही, मग माणसानं भांडायचं तरी कसं?

तर हा माणूस रविवारी हॉकीची अंपायरिंग करतो. पांढरे बूट, गळ्यात शिट्टी, हात पाठीमागे. आणि आमची ठमी सोळा वर्षांखालच्या मुलींच्या संघात गोलकीपर आहे. तुम्ही म्हणाल, बाप अंपायर, मुलगी गोलकीपर, मग काय, चंगळच! सगळ्यांना तसंच वाटतं. तिथंच सगळा घोळ आहे.

आमच्या लीगमध्ये धड अंपायर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नातेवाईक खेळत असेल तिथं उभं राहायचं नाही असा नियम आहे, पण तो पाळायचा म्हटलं तर निम्मे सामने शिट्टीशिवाय होतील. म्हणून पळवाट काढलीय. दोन्ही संघांचे कोच 'आमची हरकत नाही' म्हणाले की चालतं. आमच्या ह्यांच्या नावाला कुणी कधी हरकत घेत नाही. समोरचे तर मुळीच नाही. का घेतील? कुणी डीमध्ये, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळात, येऊन ठमीच्या पॅडला नुसतं घासून गेलं तरी ह्याची शिट्टी वाजते आणि हात ठमीच्या गोलकडे जातो. 'मुलगी म्हणून सोडली' असं कुणी म्हणायला नको ना! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी आमच्याच घरातला.

क्वार्टर फायनलला त्यानं तिच्याविरुद्ध पेनल्टी स्ट्रोक दिला. स्ट्रोकला गोलकीपर एकटी आणि मारणारी एकटी, मध्ये चिटपाखरू नसतं. बहुतेक वेळा गोलच होतो. कारण काय, तर म्हणे ठमीनं चेंडू मुद्दाम अंगाखाली दाबला. चेंडू तिच्या अंगाखाली कुणी ढकलला ते अख्ख्या कठड्याला दिसलं होतं. मी तिथूनच ओरडले, "अहो साहेब, चष्मा घरी राहिलाय का? आणून देऊ?" एरवी मी त्याला अरे-तुरे करते. 'अहो' निघालं की समजावं, पारा चढलाय. ठमीनं तो स्ट्रोक अडवला. उजवीकडे झेप घेऊन, हाताच्या पॅडनं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि हा पठ्ठ्या मान खाली घालून मधल्या रेषेकडे पळत निघाला होता. जेवताना म्हणतो कसा, "स्ट्रोक दिला म्हणून तर तिला अडवायला मिळाला." मी पातेलं ओट्यावर आपटलं. ठमी मात्र हसली.

सेमीफायनलनंतर ती हसली नाही. त्या सामन्यात त्यानं काहीही कारण नसताना दोन पेनल्टी कॉर्नर दिले होते, आणि एकदा ती पुढे धावून आली म्हणून तिलाच ताकीद दिली होती. आम्ही जिंकलो, पण काठावर. बसमध्ये मुली गाणी म्हणत होत्या आणि ही माझ्या मागच्या सीटवर बसून पॅडचे पट्टे सोडत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "आई, बाबा सांभाळतो त्या बाजूच्या गोलात असले की मी पुढे यायचं नाही, असंच ठरवू का?"

माझा पाय ब्रेकवर गेला. गोलकीपरचं अर्धं काम पुढे येण्यात असतं. समोरची मारायच्या आत तिच्या अंगावर जायचं, तिला गोल दिसूच द्यायचा नाही. ठमीची सगळी ताकद त्यातच आहे. "खबरदार," मी म्हटलं. "तू तुझं खेळ. त्याच्याकडे मी बघते."

आता हे सगळं एवढं जिवाला का लागलं होतं तेही सांगते. फायनल बघायला निवड समितीच्या बाई येणार होत्या. ह्या स्पर्धेतून विभागाच्या प्रशिक्षण केंद्रात एकच गोलकीपर घेतात. राहणं तिथं, शिक्षण तिथं, रोज चांगल्या टर्फवर खेळणं. ठमीला ते हवं होतं, इतकं की त्याबद्दल ती बोलायचीही नाही. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. म्हणजे ही फायनल किंवा काहीच नाही.

फायनलच्या आदल्या दिवशी दुपारी क्लबच्या ऑफिसात बैठक होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात गुंडाळलेली फाटकी जाळी, कपाटावर मूठ तुटलेले कप, आणि ओल्या पॅडचा तो वास. मी संघाची मॅनेजर, म्हणजे बस माझी आणि डोकेदुखीही माझी, म्हणून मीही बसले होते. आमचे कोच शाळेत पीटी शिकवतात. देवमाणूस, पण तोंडातून शब्द फुटायला मुहूर्त लागतो. समोरच्यांचा कोच सदा लाल टोपी घालतो, म्हणून सगळे त्याला लालटोपीच म्हणतात.

सेक्रेटरीनं अंपायरांची नावं वाचली. एक, आमचे हे. दुसरी, एक तरुण मुलगी, दवाखान्यात नर्स आहे, शिट्टी चांगली वाजवते. "कुणाची हरकत?"

मी आमच्या कोचसरांना कोपरानं ढोसलं. सरांनी टेबलावरचं पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. त्यांचंही बरोबरच. काय म्हणणार बिचारे? 'आमच्या मुलीच्या बापाला काढा, तो आमच्यावर अन्याय करतो' असं कुठल्या तोंडानं सांगायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

लालटोपी मात्र उठून उभा राहिला. "हरकत कसली? उलट आमचा आग्रह आहे. असा निःपक्षपाती माणूस ह्या लीगमध्ये दुसरा नाही!"

आमचे हे लाजले. हो, लाजले! कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "विश्वास ठेवलात, आभारी आहे," असं म्हणून त्यांनी लालटोपीशी हात मिळवला. त्या क्षणी मला दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

मी बाहेर येऊन बसमध्ये बसले. काचा खाली होत्या. लालटोपीनं त्याच्या मुलींना बसच्या आडोशाला सावलीत उभं केलं होतं, आत मी आहे हे त्याला माहीत नव्हतं. "दुसऱ्या हाफला त्यांची गोलकीपर बापाच्या बाजूला असेल," तो सांगत होता. "तेव्हा तिच्या अंगावर जायचं. धक्का लागला की पडायचं. नाही लागला तरी पडायचं, आणि ओरडायचं. शिट्टी तो वाजवेलच. त्याला वाजवावीच लागते."

मी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. मुली किंचाळत पळाल्या. लालटोपीची टोपी पडली. पण तेवढ्यानं काय होतंय?

संध्याकाळी मी बटाटे सोलत होते आणि हा स्टुलावर बसून बुटांना पांढरं पॉलिश लावत होता. मी ऐकलेलं सगळं सांगितलं, शब्दन् शब्द.

"ऐकीव गोष्टीवर मी नाव मागे घेऊ?" तो म्हणाला.

"ऐकीव? माझ्या ह्या कानांनी ऐकलंय!"

"कोच असं बोलतातच गं. मी जे दिसेल ते देणार."

"जे दिसेल ते? तुला डीमध्ये ठमीशिवाय दिसतं काय? समोरच्या पोरी चाकू घेऊन आल्या तरी तू म्हणशील, ठमी चाकूच्या मध्ये का आली!"

"तुला मी तिच्या बाजूनं शिट्टी वाजवायला हवीय का?"

"मला तू शिट्टीच वाजवायला नकोयस! आजारी पड. पाय मुरगाळ. मी मुरगाळून देते, इकडे ये."

तो ब्रश थांबवून माझ्याकडे बघत राहिला. "मी नाही म्हटलं तर लोक म्हणतील, मुलीची फायनल म्हणून बापानं पळ काढला. इतकी वर्षं जे नाव कमावलं..."

"ते नाव कुणाच्या जिवावर कमावलंस रे?" माझा आवाज चढला. "फुकटात नाही मिळालं ते. दर रविवारी पोरीच्या गोलमधून वजा करून तू ते आपल्या खात्यावर टाकतोयस! बाहेरच्यांनी शाबासकी द्यावी म्हणून घरच्यांच्या कानाखाली वाजवायची, ह्याला प्रामाणिकपणा म्हणत नाहीत. ह्याला भित्रेपणा म्हणतात."

हे त्याला लागलं. मला दिसलं. दारात ठमी उभी होती, केस पुसायचा टॉवेल खांद्यावर टाकून. किती ऐकलं कोण जाणे. तो तिला म्हणाला, "उद्या मैदानात मला सर म्हणायचं, बाबा नाही. लक्षात आहे ना?"

"हो सर," ती म्हणाली आणि आत निघून गेली. बटाट्याची साल काढता काढता मी अर्धा बटाटाच काढून टाकला होता.

फायनलचा पहिला हाफ ठमीचा होता. हॉकीत एक अंपायर अर्धं मैदान सांभाळतो, आणि मध्यंतरापर्यंत आमचा गोल त्या नर्सच्या बाजूला होता. काय खेळली पोरगी! लांब वेणीवाली त्यांची फॉरवर्ड चेंडू घेऊन एकटी आत घुसली, तशी ही गोल सोडून अशी सुसाट पुढे आली की वेणीवालीला मारायचं सुचेचना. दुसऱ्यांदा पायानं, तिसऱ्यांदा लोळण घेऊन. आम्ही एका गोलनं पुढे होतो. निवडवाल्या बाई काळा चष्मा लावून मांडवात बसल्या होत्या. त्यांनी शेजारच्याला काहीतरी विचारलं आणि बोट ठमीकडे केलं.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. ठमी चालत ह्याच्या बाजूला आली, गोलात उभी राहिली, आणि रेषेला चिकटली ती चिकटलीच.

मी गोलच्या मागच्या कठड्याशी जाऊन उभी राहिले. "ठमे, पुढे ये!" ती ढिम्म. "पुढे ये गं बाई!" तिनं मान वळवूनही बघितलं नाही. वेणीवाली चेंडू घेऊन आत आली. पहिल्या हाफला तिला चार पावलंही मिळत नव्हती, आता डीमध्ये येऊन थांबून, नीट बघून, कोपरा निवडून मारायला वेळ मिळाला. बरोबरी. ठमीनं जाळीतून चेंडू काढून दिला. तिचं तोंड हेल्मेटमध्ये होतं, पण मान कशी पडली होती ते मला दिसत होतं. समोरच्या पोरींना नाही, ती बापाला अडवत होती. मांडवातल्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

"अहो साहेब!" मी ओरडले. "बघताय ना काय करून ठेवलंत ते?" सरांनी लांबूनच मला हात जोडले. मी गप्प बसले नाही.

सामना संपत आला तेव्हा वेणीवाली परत घुसली. ह्या वेळी ठमीला राहवलं नाही. ती पुढे आली, पूर्ण ताकदीनं, आणि चेंडू तिच्या पायाच्या पॅडला लागून बाहेर गेला. स्वच्छ. चेंडू गेल्यावर वेणीवाली तिच्या अंगावर चढली, आणि मग अशी काही किंचाळत पडली की मांडवातले लोक उभे राहिले.

शिट्टी वाजली. त्याचा एक हात पेनल्टीच्या जागेकडे, दुसरा आकाशाकडे. स्ट्रोक.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. लालटोपी बाकावर उड्या मारत होता. वेणीवाली कपडे झटकत उठली, तिला काहीही झालेलं नव्हतं. ती नर्स तिच्या अर्ध्यातून पळत आली, ह्याच्याशी दोन शब्द बोलली, ह्यानं मान हलवून तिला परत पाठवलं.

आणि ठमीनं हेल्मेट काढलं. अंपायरला खेळाडूनं प्रश्न विचारायचा नसतो. विचारायचंच तर कॅप्टननं, तेही सर सर करत. ही सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी कठड्याला पोट टेकून वाकले होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा," ती म्हणाली.

"जागेवर जा."

"मी तिला पाडलं की नाही ते विचारत नाहीये. फाऊल होता की नव्हता तेही नाही. चेंडू बघितलास का?"

"जागेवर जा, ठमे."

"एवढंच सांग. तुला चेंडू दिसला का?"

आता हा माणूस खोटं बोलू शकत नाही. भित्रा आहे, अडाणी आहे, स्वतःच्या नावाचा लोभी आहे, पण समोरून सरळ विचारलं तर त्याला खोटं बोलता येत नाही. लोकांनी त्याला आजवर हजार वेळा 'दिसत नाही का' असं ओरडून विचारलं असेल. त्यात मी आघाडीवर. पण ती सगळी शिवीगाळ. उत्तर हवंय म्हणून आजवर कुणीही त्याला विचारलंच नव्हतं.

त्यानं तोंडातली शिट्टी काढली. वेणीवालीकडे बघितलं, मग खाली गवताकडे.

"नाही," तो म्हणाला.

"मग काय दिसलं?"

"तू दिसलीस."

मग त्यानं शिट्टी वाजवली आणि दोन्ही हात एकमेकांवर फिरवून स्ट्रोक रद्द केला. चेंडू बचावाच्या संघाला.

मैदानात जो गोंधळ झाला तो विचारू नका. "बाप धावला! बाप धावला!" कुणीतरी सुरू केलं आणि मांडवातल्या सगळ्यांनी उचललं. लालटोपी आत घुसला, टोपी जमिनीवर आपटून त्यावर स्वतःच उभा राहिला. पाण्याची बाटली ह्याच्या खांद्यावर येऊन आदळली. ज्या एका शब्दाच्या भीतीनं त्यानं इतकी वर्षं पोरीला भरडलं, तोच शब्द आज त्याच्या तोंडावर फेकला जात होता, आणि तोही आयुष्यातला पहिला बरोबर निर्णय दिला म्हणून. खोटं का बोलू, मला त्याची दया आली. थोडीशीच.

कारण पुढच्याच क्षणी त्यानं खिशात हात घातला आणि ठमीला हिरवं कार्ड दाखवलं. अंपायरला प्रश्न विचारला म्हणून. दोन मिनिटं मैदानाबाहेर.

"अरे गाढवा!" माझ्या तोंडून निघालं. आता आमच्या बाजूचेही त्याला शिव्या देऊ लागले. दोन्ही बाजूंच्या शिव्या एकाच वेळी खाणारा माणूस मी आयुष्यात दुसरा बघितलेला नाही. ठमी हूं की चूं न करता टेबलाशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. आमच्याकडे दुसरी गोलकीपर नव्हती. आमची मधल्या फळीत खेळणारी मुलगी साध्या काठीनिशी गोलात जाऊन उभी राहिली. त्या दोन मिनिटांत त्यांनी गोल केला. ठमी परत आत आली तेव्हा खेळायला वेळच उरला नव्हता.

हरलो.

बक्षीस समारंभ झाला. निवडवाल्या बाई ऑफिसच्या पायऱ्यांवर उभ्या राहून सरांना सांगत होत्या, मी मागे बॅगा मोजायचं निमित्त करून ऐकत होते. लालटोपीची गोलकीपर घेतली होती. "तुमची मुलगी गुणी आहे," त्या म्हणाल्या. "पहिला हाफ तर फारच छान. पण दबाव आला की मागे सरते. दुसऱ्या हाफला घाबरलेली दिसली. आणि अंपायरशी हुज्जत घालते. केंद्रात अशी मुलं टिकत नाहीत."

सरांनी मान हलवली. सर नेहमीच मान हलवतात. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून हा आला. पांढऱ्या बुटांवर कुणीतरी चहा सांडला होता. लग्न झाल्यापासून ह्या माणसाला मी कुणाकडे काही मागताना बघितलेलं नाही. घरमालकाकडे गळका नळ बदलून मागायलाही मीच जाते.

"बाई, एक मिनिट," तो म्हणाला. "ती घाबरत नाही. दुसऱ्या हाफला ती माझ्यामुळे मागे राहिली. मी तिला दर वेळी पुढे आली की शिक्षा दिलीय, कारण नसताना. आणि तिनं हुज्जत घातली नाही. तिचा प्रश्न बरोबर होता. मला चेंडू दिसला नव्हता. चूक माझी आहे. तुम्ही ती माझ्या नावावर लिहा."

इतकं लांब तो माझ्याशीही कधी बोललेला नाही.

बाईंनी काळा चष्मा कपाळावर सरकवला. "तुम्ही तिचे कोण?"

त्यानं गळ्यातली शिट्टी काढून मुठीत घेतली. "वडील."

"बरोबर," बाई म्हणाल्या. वाईट बोलल्या नाहीत, उलट समजुतीनंच बोलल्या. "आज माझ्याकडे आलेले तुम्ही चौथे वडील. सगळे हेच सांगतात, मुलीची चूक नव्हती."

"पण मी खरं सांगतोय."

"तेही सगळे सांगतात."

मला हसू फुटलं. रागाचं हसू, आवरेचना. "अहो बाई," मी म्हटलं, "ह्याला वडील म्हणताय? ह्या माणसानं ह्या पोरीला कधी एक चेंडू सोडला नाही! आम्ही त्याच्या हातापाया पडलो, बाप हो म्हणून, तेव्हा झाला नाही. आजच काय तो पाच मिनिटांसाठी झालाय, आणि तुम्ही म्हणताय, बाप आहे म्हणून ह्याचं ऐकायचं नाही?"

बाई गाडीत बसून निघून गेल्या. सरांनी माझ्याकडे न बघता पाण्याचे कॅन उचलले. हा पायरीवर तसाच उभा होता, शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत. इतकी वर्षं जपलेला शब्द आज पहिल्यांदा खर्च करायला काढला, आणि तो चाललाच नाही.

बसमध्ये मुली गप्प होत्या. ठमी माझ्या मागच्या सीटवर खिडकीशी बसली होती, शेजारी पॅडची मोठी बॅग. हा चढला आणि तिच्या सीटपाशी दांडा धरून उभा राहिला.

"त्यांच्याशी बोललास?" ठमीनं विचारलं.

"हो."

"काय म्हणाल्या?"

"मी तुझा बाप आहे, म्हणून माझं ऐकता येत नाही म्हणाल्या."

ठमी खिडकीबाहेर बघत होती. मला आरशात तिचा अर्धा चेहरा दिसत होता. "तू माझा बाप आहेस," ती म्हणाली, "हे तुला दुसऱ्यांनी सांगावं लागतं का रे, बाबा?"

मी गाडी सुरू केली आणि म्हटलं, "खाली बस. उभ्या माणसाला घेऊन मी बस हलवत नाही." ठमीनं बॅग सरकवली नाही. तो मागच्या सीटवर जाऊन बसला.